पार्लरवाल्या मैत्रिणींनो, ती पिवळी बाटली फ्रिजातनं बाहेर काढा

(कोल्हापुरात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या सगळ्या बायकांना खुलं पत्र)

राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ, कसबा बावडा, कळंबा, फुलेवाडी, उचगाव, जिथं जिथं आपली पार्लरं हायत तिथल्या सगळ्या जणींना नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर जवळजवळ दोन महिने मी मास्क लावून काम करत होतो. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी विचारलं, काय गं, तुझा कोरोना अजून संपला नाही व्हय? मी धुळीची ॲलर्जी म्हणून सांगितलं. ॲलर्जी बिलर्जी काही नव्हती, माझं तोंड वाकडं झालं होतं. हसलो की उजवीकडचा खालचा ओठ खाली जायचा आणि डावीकडचा जागचा हलायचा नाही. चूळ भरली की पाणी डाव्या कोपऱ्यातनं गळायचं. आपला सगळा धंदा आरशासमोर, आणि मला आरशाकडं बघवत नव्हतं. ते झालं त्या पिवळ्या बाटलीतल्या, चरबी घालवायच्या इंजेक्शननं, कसं ते आज सगळं लिहितो. (माझी लेक म्हणते, आई चारचौघांत लिहिताना तरी 'लिहिते', 'गेले' असं लिही, पुण्याच्या बायका हसतील. हसू देत. कोल्हापूरची बाई गेलो-आलोच म्हणणार.)

आधी पैशाचं बोलतो, कारण सगळं तिथनंच सुरू झालं. थ्रेडिंगचे आपण ४० रुपये घेतो, ५० केले की बाई म्हणते पलीकडच्या गल्लीत ३० मध्ये करतात. गाळ्याचं भाडं, लाईट बिल, हाताखालच्या मुलीचा पगार, आणि पितृपक्षात तर खुर्चीवर मांजर येऊन झोपतं अशी गत. नवरात्र ते लग्नसराई एवढाच काय तो आपला सीझन. त्यात कस्टमर आता साधं फेशियल मागतच नाही, रील बघून येते आणि मोबाईल तोंडासमोर धरते, "ताई, हे करता का?" जॉ लाईन पाहिजे, डबल चिन घालवायची, ब्लाउजच्या कडेनं पाठीवर वळी येते ती घालवायची, दंड बारीक करायचे आणि तेसुद्धा लग्नाच्या आत. नाही म्हटलं की ती गेली दुसरीकडं, आणि जाताना तिच्या बहिणीचं ब्रायडल पॅकेज पण घेऊन गेली. अशा वेळी कुणी येऊन सांगतं की दहा मिनिटांचं काम, एका सेशनचे ५,००० घ्या, तर हिशेब कोण करणार नाही? ५,००० म्हंजे सव्वाशे बायकांच्या भुवया. मी पण केला हिशेब.

तर दिवाळी झाल्यावर स्टेशन रोडकडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये हे इंजेक्शन टोचायला शिकवणारा एक दिवसाचा कोर्स होता. मेसेज आपल्या ग्रुपवर पण फिरला होता, आठवत असेल. फी साडेआठ हजार, त्यात दोन बाटल्या, इन्सुलिनच्या सिरिंजचं एक पाकीट, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आणि दुपारचं जेवण. आम्ही वीस-बावीस जणी होतो, निम्म्या तरी ओळखीच्या. शिकवायला मुंबईहून आलेल्या एक मॅडम, अंगावर पांढरा कोट, बॅनरवर नावाआधी डॉ. लिहिलेलं. कशाच्या डॉक्टर ते बावीस जणींपैकी एकीनं पण विचारलं नाही. घरात नवीन मोलकरीण ठेवताना आपण तिच्या सासरचं गाव पण विचारतो की नाही? इथं काहीच नाही.

सकाळभर फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. बाटलीत सगळं नॅचरल आहे म्हणाल्या, अननसाचा अर्क, लेसिथिन, व्हिटॅमिन, केमिकल काही नाही, दुखत नाही, सुजत नाही, दुसऱ्या दिवशी फंक्शनला जा. दुपारी आम्हाला एकेक संत्रं दिलं आणि त्याच्यावर सुई कशी टोचायची ते शिकवलं. खरंच सांगतो, अर्धा तास संत्र्याला टोचलं आणि संध्याकाळी आम्ही माणसाला टोचायला तयार. मग म्हणाल्या, डेमोला मॉडेल पाहिजे. माझ्या हनुवटीखाली लेकीच्या बाळंतपणापासनं लोंबतंय, सगळ्या जणी माझ्याकडंच बघायला लागल्या आणि मी हौसेनं जाऊन खुर्चीत बसलो.

पेन्सिलीनं खुणा बिणा काही केल्या नाहीत, अंदाजानं दहा-बारा ठिकाणी टोचलं, त्यातल्या दोन-तीन सुया डाव्या जबड्याच्या हाडाला लागूनच. आग अशी झाली की मिरचीच्या डंकावर काम करून तोच हात मानेला लावावा. मॅडम म्हणाल्या, म्हंजे काम करतंय. रात्री गालगुंड झाल्यासारखी हनुवटी सुजली. तिसऱ्या दिवशी ओठाचं लक्षात आलं. मॅडमना व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, उत्तर आलं "नॉर्मल है, मसाज करो". दुसऱ्या दिवशी "बर्फ लगाओ". पाचव्या दिवशी निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आठव्या दिवशी डीपी दिसायचा बंद झाला, म्हंजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

आता जी गोष्ट मला सांगायला लई जड जातीय ती सांगतो. त्याच आठवड्यात माझ्याकडं एका नवऱ्या मुलीची अपॉइंटमेंट होती, हनुवटी आणि दोन्ही दंड. ॲडव्हान्स घेतला होता. दोन्ही बाटल्या माझ्या घरच्या फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाच्या डब्याशेजारी. माझं तोंड वाकडं झालं म्हणून मी तिला फोन करून पुढं ढकललं, नाहीतर तीन आठवड्यांवर लग्न आलेल्या पोरीला मी टोचणार होतो. माझ्या शहाणपणानं ती वाचली नाही, माझ्या वाकड्या तोंडानं वाचली.

मग स्किनच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो, खऱ्या, एमडी झालेल्या. त्यांनी आधी मला "ई" म्हणायला लावलं, मग कागदावर जबडा काढून दाखवला. जबड्याच्या हाडाच्या कडेनं एक बारीक नस जाते, खालचा ओठ खाली ओढायचं काम तिचं. हनुवटीच्या इंजेक्शनमध्ये पहिला जपायचा पत्ता तोच, आणि माझ्या तिथंच सुई गेली होती. त्या म्हणाल्या, कायमचं सहसा होत नाही, वाट बघा. सात आठवड्यांनी सुटलं. त्या सात आठवड्यांत मी एकदाही मोठ्यानं हसलो नाही, आणि तुम्हाला माहीत आहे मी किती हसतो ते.

मी त्यांना विचारलं, मॅडम, मग हे इंजेक्शन खोटंच असतं का? त्या म्हणाल्या, असं नाही, आणि पुढं जे सांगितलं ते मला त्या साडेआठ हजारांच्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

खरं औषध आहे, त्याचं नाव डीऑक्सीकोलिक ॲसिड. हे आपल्या शरीरात पण असतं, पित्तात, खाल्लेलं तेल-तूप पचवायला मदत करतं. बघा, तांबड्या रश्श्याच्या भांड्याला तर्रीचा थर धरतो, नुसत्या पाण्यानं जात नाही, साबण लावला की सुटतो, तसंच हे चरबीच्या पेशीची भिंत फोडतं, आतली चरबी बाहेर येते आणि शरीर ती हळूहळू साफ करून टाकतं. पेशी मेली ती मेली, परत येत नाही, म्हणून रिझल्ट टिकतो. पण साबणाला काय कळतंय की ही चरबी आहे आणि हे कातडं आहे? नस मिळाली तर नसेला लागणार, स्नायूत गेलं तर स्नायूला, कातड्याच्या लई वर टोचलं तर कातडं काळं पडून झडणार, आणि रक्ताच्या नळीत गेलं तर त्याच्या पुढचा भागच मरायला लागणार. ज्या गुणानं चरबी जाते त्याच गुणानं वाटोळं होतं.

अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, हे औषध कायबेला या नावानं २०१५ च्या एप्रिलमध्ये मंजूर केलं, आणि ते पण फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोट नाही, दंड नाही, ब्लाउजची वळी नाही. त्याचे नियम ऐका. एक-एक सेंटीमीटरवर खुणांची जाळी काढायची, एका टोचणीत ०.२ मिली, एका वेळी जास्तीत जास्त ५० टोचण्या, दोन सेशनमध्ये किमान एक महिना, सगळी मिळून सहाच सेशन. टोचायच्या आधी गळा तपासायचा, कारण हनुवटीखाली फुगलंय ते सगळं चरबीच असतं असं नाही, थायरॉईडची सूज असते, गाठ असते. गिळायला त्रास आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सगळं विचारायचं. आणि एवढं सगळं पाळून, शिकलेल्या डॉक्टरांनी केलेल्या चाचण्यांमध्येसुद्धा शंभरात चार जणांना माझ्यासारखा नसेचा त्रास झाला, बरं व्हायला मधला आकडा ४४ दिवस, कुणाकुणाला तर २९८ दिवस लागले. सूज आणि काळंनिळं पडणं तर बहुतेकांना होतंच. "सुजत नाही, दुसऱ्या दिवशी फंक्शनला जा" म्हणे! जे सुजत नाही ते एकतर काम करत नाही नाहीतर बोलणारा खोटं बोलतोय.

हे खूळ आजचं नाही. आपल्याला वाटतं रीलमधनं आलं. फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचं एक औषध होतं, लिपोस्टॅबिल म्हणून, ते वेगळ्याच आजारांवर शिरेतनं द्यायचं, पण ब्राझीलमध्ये लोकांनी ते चरबीत टोचायला सुरू केलं, लई फॅशन झाली, शेवटी तिथल्या सरकारनं बंदी घातली. पुढं अभ्यासात कळलं की चरबी फोडणारा त्यातला मूळ माल डीऑक्सीकोलेटच, म्हंजे वरच्या ॲसिडचाच एक प्रकार, जो नुसता औषध विरघळायला म्हणून घातला होता! अमेरिकेत २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या आसपास १४ जणांच्या अंगावर अशाच मेसोथेरपीच्या, म्हंजे कातड्याखाली औषध टोचायच्या, सुयांनी फोड आणि गाठी उठल्या, टोचणाऱ्याकडं लायसनच नव्हतं. म्हंजे तिकडं पण आपल्यासारख्याच होत्या म्हणायच्या. २०१० मध्ये तिथल्या स्पावाल्यांना सरकारनं नोटिसा दिल्या, आणि २०२३ साली लोकांना परत सावध केलं की एक्वालिक्स, लायपो लॅब, काबेलिन असल्या नावांनी जी इंजेक्शनं फिरतायत ती मंजूर नाहीत, त्यानं कायमचे व्रण, मोठी इन्फेक्शनं, कातडी वेडीवाकडी होणं, खोल दुखऱ्या गाठी असं सगळं झाल्याचं कळलंय.

गाठीवरनं सांगतो. माझ्याबरोबर कोर्सला इचलकरंजीची एक होती, माझ्यापेक्षा धाडसी, तिनं घरी जाऊन स्वतःच्याच पोटावर टोचून घेतलं. महिनाभर काही नाही, मला फोन करून चिडवायची पण. सहाव्या आठवड्यात टोचलेल्या जागी लाल गाठी आल्या, मग पिकल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, फरक शून्य. शेवटी पू तपासायला पाठवला तर टीबीच्या जंतूंच्या भावकीतलाच एक जंतू निघाला, जो पाण्यात, मातीत असतो, आणि अस्वच्छ बाटलीतनं किंवा सुईतनं आत जातो. साध्या औषधाला तो दाद देत नाही, महिनोन् महिने गोळ्या घ्याव्या लागतात. तिच्या चालू आहेत अजून. पोटाचा घेर तेवढाच आहे आणि वर सहा खड्डे. म्हणून महिनाभर काही झालं नाही म्हंजे सुटलो असं समजू नका, ही गाठ उशिराच येते.

आता बाटलीवर येतो. माझ्या भाच्याचं मेडिकल आहे. त्याला दोन्ही बाटल्या दाखवल्या. त्यानं बॉक्स हातात घेतला, फिरवला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर इम्पोर्ट लायसन नंबर कुठाय?" मी म्हटलं, ते कोरियन भाषेत लिहिलं असेल की. तो हसायलाच लागला. बाहेरच्या देशातनं आलेल्या औषधावर आपल्याकडं आणणाऱ्याचं नाव, पत्ता आणि लायसन नंबर पाहिजेच म्हणाला. माझ्या बॉक्सवर काय होतं तर एक लिंबाचं चित्र, एक्स्पायरीवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं, ते नखानं काढलं तर खाली वेगळीच तारीख, आणि इंग्रजीत 'फॅट'चं स्पेलिंग एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला चुकलेलं. आत पिवळंधमक पाणी. ते पिवळं कशानं तर म्हणाला व्हिटॅमिन बी-टूचा रंग असाच असतो, बी-कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ल्यावर लघवी पिवळी होते ना, तेच. साडेआठ हजार देऊन मी काय आणलं बघा. बिल मागितलं होतं तर कच्च्या चिठ्ठीवर 'ब्युटी किट' लिहून दिलं होतं. आपण हेअर कलरची ट्यूब घेताना पॅकिंग फुटलंय का बघतो, शेड नंबर बघतो, डिस्ट्रिब्युटरशी दहा रुपयांसाठी भांडतो, आणि जे माणसाच्या कातड्याच्या आत जाणार त्याची चिठ्ठी बघितली नाही.

भाच्यानं कायद्याचं पण सांगितलं, तेवढं झटकन सांगतो कारण मला पण सगळं पाठ नाही. टोचायचं औषध विकायला लायसन लागतं, १९४० च्या औषध कायद्यात बिनालायसन विकलं तर किमान तीन वर्षं आत आणि वर लाखभर दंड. रजिस्ट्रेशन नसताना डॉक्टरकी केली तर २०१९ च्या मेडिकल कमिशनच्या कायद्यात वर्षभराची कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आपण जे स्टेटस टाकतो ना, "एका सेशनमध्ये चरबी गायब", त्याच्यासाठी १९५४ चा वेगळाच कायदा आहे, ज्या आजारांच्या औषधांची जाहिरात करायची नाही त्यांची यादीच आहे त्यात, आणि लठ्ठपणा त्या यादीत आहे. म्हंजे आपल्या आज्ज्यांच्या काळातल्या सरकारला पण माहीत होतं की ह्या विषयात लोक फसतात. ते लॅमिनेट सर्टिफिकेट? भाचा म्हणाला, फ्रेम करून घरी लाव, पोलीस आल्यावर पुरावा म्हणून त्यांना सोपं जाईल.

मला माहीत आहे तुमच्यातल्या काही जणी काय म्हणणार. एक म्हणणार, मी स्वतः टोचत नाही, माझ्याकडं रविवारी बाहेरनं डॉक्टर येतात, मी फक्त खुर्ची देतो. बाई, मी पण तेच केलंय. कोर्सच्या आधी, गणपतीच्या सुमारास, मी दोन कस्टमर अशाच एका ठिकाणी पाठवल्या होत्या आणि एकीमागं ५०० रुपये कट घेतला होता. तोंड बरं झाल्यावर त्या दोघींना फोन करायला मला आठ दिवस लागले, नंबर काढायचो आणि परत ठेवायचो. एक म्हणाली काहीच झालं नाही, ना फरक ना त्रास, पैसे पाण्यात. दुसरी आधी गप्प बसली, मग म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगणार होतो पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं." तिच्या उजव्या दंडावर रुपयाएवढा खड्डा आहे आणि भोवती काळं वर्तुळ. तेव्हापासनं बिनबाहीचं काही घालत नाही ती. मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती! तिला घेऊन मी स्वतः डॉक्टर मॅडमकडं गेलो, फी मी दिली, पण त्यानं खड्डा भरत नाही.

दुसरी म्हणणार, डॉक्टर लोक पण करतात की हेच, आणि आपल्या चौपट घेतात. करतात, खरं आहे, आणि सगळेच धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना पण विचारायचं, बॉक्स दाखवा, नंबर दाखवा, डिग्री कशातली ते सांगा. पण एक फरक हाय. कातडं काळं पडायला लागलं, ताप आला, गिळता येईना, चक्कर आली तर त्यांच्याकडं पुढचं औषध आहे. आपल्याकडं काय आहे? बर्फ आणि ॲलोव्हेरा जेल.

तिसरी म्हणणार, अगं पण बायकांची तब्येत सुधारते ना चरबी गेली की. नाही सुधारत. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, २००४ साली एका मोठ्या मेडिकल मासिकात छापून आलंय, १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची जवळजवळ दहा किलो चरबी ऑपरेशननं ओढून काढली, त्यात सात जणी शुगरवाल्या होत्या, आणि नंतर तपासलं तर शुगर, प्रेशर, कोलेस्टेरॉल, कशातच काही सुधारणा नाही. कातड्याखालची चरबी वेगळी, पोटात आतड्याभोवतीची वेगळी, धोक्याची ती आतली. दहा किलो काढून फरक पडला नाही तर आपल्या दोन बाटल्यांनी काय होणार? हे दिसण्याचं काम आहे, तब्येतीचं नाही, एवढं तरी कस्टमरला खरं सांगायला पाहिजे.

आणि हो, एक घोळ सारखा होतो म्हणून सांगतो. २०२५ पासनं मौन्जारो, वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनं आपल्याकडं मिळायला लागल्यात, त्यामुळं कस्टमर येऊन म्हणते "ते बारीक व्हायचं इंजेक्शन आहे का?" ते वेगळं, हे वेगळं. ते भुकेवर काम करतं, डॉक्टरांनी लिहून द्यायचं, तपासण्या करून. हे चरबीत टोचायचं. दोन्ही आपल्या काउंटरवर विकायच्या गोष्टी नाहीत.

तर मला तुमच्याकडनं काय पाहिजे? पहिलं म्हंजे ज्यांना ज्यांना टोचलंय किंवा पाठवलंय त्यांना फोन करा. वही असतेच आपल्याकडं, अपॉइंटमेंटची, गेल्या सहा महिन्यांची पानं काढा आणि फोन लावा. विचारा, गाठ आहे का, खड्डा पडलाय का, काळं पडलंय का, ओठ-गाल बधिर आहे का. असेल तर तुमच्या हातानं मसाज बिसाज काही करू नका, थेट स्किनच्या डॉक्टरांकडं पाठवा, पैसे नसतील तर सीपीआर ह्या आपल्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून स्किनच्या ओपीडीत, आणि तिथं लाजेपोटी "आपोआप झालं" म्हणू नका, सुई टोचली होती असं स्पष्ट सांगा, नाहीतर डॉक्टर साधं अँटिबायोटिक देत बसणार आणि महिने जाणार. औषधाच्या त्रासाची तक्रार नोंदवायला सरकारचा फुकट नंबर पण आहे, १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतः पण सांगू शकतो. फोन करताना शिव्या बसतील. बसू देत. मला एकीनं शिव्या दिल्या नाहीत तेच जास्त लागलं.

दुसरं, ग्रुपवर तो कोर्सचा मेसेज परत आलाय, ह्या वेळी फी साडेनऊ हजार. जिनं टाकलाय तिला मी वेगळा फोन केलाय, नाव घेत नाही, तिनं पण पैसे भरलेत आणि तिला परत मिळत नाहीयेत, म्हणून ती दुसऱ्यांना आणून वसूल करतीय. असं करू नको गं. बुडाले ते बुडाले.

तिसरं बाटल्यांचं. फेकू नका, घंटागाडीत तर अजिबात टाकू नका, कुणीतरी उचलून परत विकेल. आणि रागानं मोरीत पण ओतू नका, बॉक्स आणि चिठ्ठी पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाच्या आपल्या कोल्हापूरच्या ऑफिसात तक्रार द्यायचीय, अर्ज भाच्यानं लिहिलाय, माझं नाव आणि सही सगळ्यात वर आहे, कारण भीती वाटत असेल तर ती पहिल्या नावालाच असते. माझ्या दोन बाटल्यांचे फोटो जोडलेत. एकट्या बाईच्या दोन बाटल्यांनी कोण हलत नाही, पण वीस बायकांच्या चाळीस आल्या की विचारावं लागेल माल कुठनं येतोय. स्वतःच टोचलंय म्हणून अडकू अशी भीती असेल तर आधी भाच्याशी बोला, त्याच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना विचारूनच पुढं जाऊ.

येत्या मंगळवारी दुपारी तीन ते पाच मी अपॉइंटमेंट घेतलेली नाही, शटर अर्धं खाली असेल, वाकून आत या. बॉक्स फोडलेला असला तरी आणा, स्टिकर काढू नका. चहा मी ठेवतो, येताना कुणीतरी खारी घेऊन या.

तुमचीच,
राजारामपुरीतली एक पार्लरवाली